उसनी चव

दोन ठिकाणी माझं लग्न जमता जमता मोडलं, आणि दोन्ही वेळा कारण एकच. मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" आमचे मामा सरळ माणूस. ते म्हणाले, "चहा पितो."

यात खोटं काही नव्हतं. वर्ध्याच्या बाजारात जेठाभाईंचं चहाचं दुकान होतं, आणि तिथे दिवसाला चाळीस-पन्नास कप चहा चाखणं ही माझी नोकरी होती. पिणं नव्हे, चाखणं. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. हे ऐकल्यावर तर दुसऱ्या ठिकाणचे पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. तिसऱ्या ठिकाणी मामांनी 'व्यापारात आहे' असं सांगितलं, म्हणून संसार झाला.

आमच्या गावची तेव्हाची हवाच अशी होती की चहावाल्याकडे लोक जरा खालच्या नजरेनं बघत. साधं राहावं, व्यसन करू नये, असं मानणारे खादीवाले पुष्कळ. एक म्हातारे गुरुजी होते. त्यांनी ऐन उमेदीत चहा सोडण्याचं व्रत घेतलेलं. ते दर आठवड्याला दुकानात येत, काही घेत नसत. "जरा झाकण उघड रे," एवढंच म्हणत. मी पेटीचं झाकण उघडलं की डोळे मिटून पेटीवर वाकत, दोन-तीन खोल श्वास घेत आणि "बरं आहे" म्हणून निघून जात. जेठाभाई त्यांना हात जोडत. मी हसत असे. हसायला नको होतं.

आता चाखणं म्हणजे काय ते सांगतो. चहा कलकत्त्याहून मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून रेल्वेने येई. पण त्याच्या आधी येत नमुन्यांचे लहान डबे. आम्ही नमुना चाखून पसंत केला की जेठाभाई तार करत, मग पेट्या निघत. टेबलावर एका ओळीत पांढरे कप मांडायचे. प्रत्येकात मोजून सारखी पत्ती, वर नुकतं उकळलेलं पाणी, वर झाकण. वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू संपली की अर्क शेजारच्या वाडगीत ओतायचा, भिजलेल्या पत्तीचा रंग बघायचा, आणि चमच्याने घोट ओढायचा. असा ओढायचा की सुर्रर्र आवाज पलीकडच्या भांड्यांच्या दुकानात गेला पाहिजे. हवा बरोबर गेली तरच वास टाळूच्या मागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो ते बारा आणे नाकाचं काम असतं. हे वाक्य मी ग्राहकांना मोठ्या ऐटीत सांगत असे.

मी आसाम कधी पाहिला नाही. दार्जिलिंगही नाही. पण रोज सकाळी दहाच्या सुमारास मी तिथे जाऊन येत असे. आसामचा दाट, तांबडा चहा जिभेवर आला की मला हुरड्याची आगटी दिसे. कणीस भाजताना सुटतो तसा गोडसर, किंचित करपट वास. निलगिरीच्या चहात नुकत्याच सोललेल्या संत्र्याच्या सालीचा उडता फवारा असे. दार्जिलिंगचं सांगणं अवघड. चैत्रात पहाटे मोहाच्या झाडाखालून जावं, फुलं वेचून नेलेली असावीत, आणि वास खरंच आहे की आपल्याला आठवतो आहे याचीच शंका यावी, तसा तो चहा. एकदा एका नमुन्याचा घोट घेतला आणि लहानपणी धाम नदीच्या काठी, ओल्या दगडावर गाल टेकून झोपलो होतो ती दुपार सबंध परत आली. पाण्याचा गारवा, पायाला टोचणारी माशांची तोंडं, सगळं. मी थुंकायचं विसरलो. जेठाभाई समोर बसले होते. म्हणाले, "गिळला? तर मग अच्छा आहे. लिहून घे."

चहाइतकंच पाणी महत्त्वाचं. आमच्याकडे गावागणिक पाणी वेगळं. नाचणगावच्या एका विहिरीत दार्जिलिंग फुलून येई, आणि सावंगीच्या जड पाण्यात तोच चहा काळा पडे, वर साय धरल्यासारखा तवंग येई. म्हणून मी सायकलला बाटल्या बांधून गावोगावचं पाणी आणत असे आणि त्या त्या गावाला मानवेल असं मिश्रण करत असे. उन्हातान्हात, पांढऱ्या बोंडांनी भरलेल्या पऱ्हाटीच्या शेतांमधून, बाटल्यांचा किणकिणाट ऐकत जायचो. जगात याहून सुखाची नोकरी नसेल असं मला वाटे. आजही वाटतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत पार्बताबाई चहा चाळत. काड्या वेगळ्या, पत्ती वेगळी, भुकटी वेगळी. सिंदी मेघेहून रोज सकाळी पायी येत. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, तरी दुकानात सगळे त्यांना 'पार्बते' म्हणत. मीही. त्या ज्या जातीच्या होत्या त्या जातीच्या माणसाने चाळलेला चहा दुकानाला चालत असे, कारण कोरड्याला विटाळ नसतो असा तेव्हाचा सोयीचा कायदा होता. ओल्याला मात्र असे. म्हणून दुपारी सगळ्यांचा चहा झाला की त्यांच्यासाठी मागच्या खिडकीत कान तुटलेला एक कप ठेवलेला होता, त्यात वरून ओतत. मी स्वतः कितीदा तरी ओतला आहे.

त्यांचं नाक विलक्षण होतं. पेटी उघडल्याबरोबर चाळणीवरून मान वर करून म्हणायच्या, "भाऊ, हा पावसात भिजून वाळवला हाय." मी चाखून बघत असे, तसंच असायचं. मी ते जेठाभाईंना सांगत असे. कोणी ओळखलं ते सांगायची गरज मला कधी वाटली नाही.

नागपूरला लाखोंनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी फ्लूची मोठी साथ आली. घरोघरी माणसं झोपली. मी बारा दिवस अंथरुणात होतो. ताप उतरला, उठून बसलो, बायकोने आलं घालून चहा दिला. घोट घेतला आणि मला वाटलं, तिने गरम पाणी दिलं.

"चहा कुठाय?" मी विचारलं.

"तोच तर पिताय," ती म्हणाली.

वास गेला होता. समूळ. गोड, खारट, कडू एवढं जिभेला कळे, पण त्यापलीकडे काही नाही. घर ओळखीचं असून परकं झालं. भाकरी म्हणजे नुसतं काहीतरी मऊ. धाकटीच्या डोक्याला नाक लावून बघितलं. तिथेही काही नाही. काचेच्या पलीकडून जग बघत असल्यासारखं वाटे. आणि मला दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन चहा चाखायचा होता.

मी कोणाला सांगितलं नाही. दुकानात जाऊन बसलो, पूर्वीसारखाच सुर्रर्र आवाज केला, थुंकलो, वहीत काहीबाही लिहिलं. रंग आणि तुरटपणा यांवर अंदाज बांधायचो. आणि उरलेल्यासाठी मागच्या खोलीत जायचो. डबा पुढे करून सहज विचारल्यासारखं म्हणायचो, "पाह्य बरं, कसा वाटते?" पार्बताबाई चिमूटभर पत्ती तळहातावर घेत, त्यावर तोंडाची वाफ सोडत आणि हुंगून सांगत. मी बाहेर येऊन तेच शब्द जरा शहरी करून जेठाभाईंना ऐकवायचो. दीड महिना असा गेला. जेठाभाई एकदा म्हणाले, "बीमारीनंतर तुझी जीभ तेज झाली, हां!" मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दसऱ्यानंतर लग्नसराईच्या खरेदीचे नमुने आले. वर्षातली सर्वात मोठी खरेदी. त्यात एका चहावर जेठाभाईंचा डोळा होता, पत्ती देखणी होती. दुसऱ्या दिवशी तार करायची होती. पार्बताबाईंनी पत्ती हुंगली, परत हुंगली.

"काहीतरी दबून हाय याच्यात," त्या म्हणाल्या. "कोरड्यात नाई समजत. उकळल्यावर समजंन."

मी इकडेतिकडे बघितलं. "मंग तू चाखून पाह्य ना. मी वाडगीत थोडा आनून देतो."

त्यांनी चाळणी खाली ठेवली. "कोन्या कपानं?"

मी नकळत खिडकीकडे बघितलं.

"त्या कपानं मी चाय पेनं सोडली, भाऊ. मागच्या दसऱ्याले नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, तवापासून. वरीस झालं. तुमी पाह्यलं नाई?"

मी खरंच पाहिलं नव्हतं. खिडकीतल्या कपावर धूळ बसली होती. पत्तीच्या रंगातला केसाएवढा फरक सांगणारा मी, हे मला वर्षभर दिसलं नव्हतं.

"तुमचं नाक गेलं हाय, मले माहीत हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पह्यल्याच दिवशी समजलं. घासलेटाचा डबा उघडा होता तुमच्या बाजूले, अन् तुमी तिथंच बसून चहा हुंगून राह्यले होते. मी चाखतो. पन टेबलावर बसून, तुमच्या ओळीतल्या कपानं. चोरून नाई."

हे ऐकल्यावर मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते. टेबलावर बसवायचं म्हणजे जेठाभाईंना सगळं सांगायचं. माझ्या नाकाचंही. मी बाहेर आलो, त्या चहाचा घोट ओढला, डोळे मिटून मान डोलावली आणि म्हणालो, "उत्तम आहे." तार गेली.

पेट्या आल्या त्या दिवशी पहिलीचं झाकण पार्बताबाईंसमोर उघडलं. त्यांनी पदर नाकाला लावला.

"कुबट हाय. ओल्या गोदामात राह्यला हा. तुमाले म्हटलं होतं ना मी."

दहाच्या दहा पेट्या तशाच. मी खोलीचं दार लोटून घेतलं. म्हणालो, "लग्नात साखर, दूध, अद्रक टाकून उकळतात. कोनाले समजत नाई."

"नाई समजत," त्या म्हणाल्या. "पेतीन लोकं. पन समजत नाई म्हनून चालते तं मले रोज इचारता काऊन तुमी?"

चाळणीतून चहा पडत राहिला. मी दार उघडलं आणि जेठाभाईंसमोर जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. ताप, नाक, दीड महिना, पार्बताबाई, दहा पेट्या. शेजारी मुनीमजी बसले होते, त्यांच्यासमोरच सांगितलं. नंतर एकट्यात सांगण्याचं धैर्य राहिलं नसतं.

जेठाभाई कच्छहून आलेले. रागावले की ते गुजरातीत बोलत. त्या दिवशी मात्र त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. मग उठून स्वतः सहा कप मांडले, डब्यांतली पत्ती घातली. किटलीही स्वतःच आत नेऊन दोन खेपांत उकळून आणली.

"बोलाव तिला," ते म्हणाले. पार्बताबाई दारात आल्या तसं त्यांनी विचारलं, "चाखशील? घरून तुझा कप आण. उद्या चाख."

"माह्या घरचा कप माह्याच राहीन, शेठजी," पार्बताबाई म्हणाल्या. "मले यातला पाह्यजे."

आवाज चढलेला नव्हता. त्या नुसत्या उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घेऊन. वाळू संपली. जेठाभाईंनी एकेका कपातला अर्क वाडगीत ओतला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला आजही माहीत नाही. दहा पेट्यांचं दुःख होतं, की पुढच्या खरेदीची काळजी, की आणखी काही. मोठ्या मनाचं नाव मी त्याला देणार नाही. त्यांनीही दिलं नसतं. त्यांनी पहिली वाडगी उचलली आणि टेबलाच्या त्या बाजूला सरकवली. मुनीमजी वही मिटून बाहेर गेले.

पार्बताबाई स्टुलावर बसल्या. मला इतकी वर्षं बघून त्यांना सगळं पाठ होतं. घोट ओढला, सुर्रर्र, तोंडात फिरवला, थुंकला. एक, दोन, तीन. प्रत्येकाला त्यांचे स्वतःचे शब्द होते. "हा तरना हाय." "हा थकून गेला हाय, जुना असंन." "याच्यात दोन मिसळले हायत, एकमेकाले मानत नाई." पाचव्या वाडगीला थांबल्या. परत घोट घेतला.

"हा अन् पह्यला एकच हाय. चायची काई गलती नाई. पानी दुसरं हाय. हे नळाचं हाय, बाकी सगळं आडाचं."

जेठाभाई खुर्चीत मागे रेलले. दोन पाण्यांची युक्ती त्यांनी केली होती. मलाही कळू दिली नव्हती. ते कच्छीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि मग म्हणाले, "उद्यापासून दहा वाजता."

त्या कुबट दहा पेट्यांचं खत झालं. मुनीमजींनी घरून पाण्याचा तांब्या आणायला सुरुवात केली. दोन जुनी गिऱ्हाईकं तुटली. पार्बताबाई चाखतात आणि मी शेजारी बसून लिहून घेतो, असे पाच महिने गेले.

त्या दिवसांतली एक दुपार माझ्या आत अजून तशीच्या तशी आहे. पार्बताबाई दोन दिवस आल्या नाहीत म्हणून मी सायकल काढून सिंदी मेघेला गेलो. पाय मुरगळून त्या घरीच होत्या. अंगण सारवलेलं, माघ संपत आलेला, ऊन पिवळं आणि मऊ. त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि लंगडत जाऊन चहा आणला. मी घोट घेतला.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची सवय सुटली होती. "मले काईच नाई लागत, बाई," मी म्हणालो.

त्या समोर बसल्या. स्वतःच्या कपातून घोट घेतला आणि डोळे मिटले.

"पह्यले धूर लागते," त्या म्हणाल्या. "तुरीच्या काड्यांचा. मंग गूळ. गूळ नवा हाय, त्याच्यात उसाचा हिरवा वास हाय अजून. मंग खाली, लय खाली, चाय. शेळीचं दूध हाय, ते सगळ्याइले धरून ठेवते. आता घ्या."

मी घेतला. आणि खरं सांगतो, मला धूर लागला. नाकाला नव्हे, कुठे लागला ते सांगता येत नाही. गूळ आला, गुळामागून उसाचं हिरवेपण आलं. त्या एकेक घोट घेऊन सांगत होत्या, मी त्यांच्या मागून एकेक घोट घेत होतो. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, कुठेतरी कोणी मुसळ चालवत होतं. कप संपला तरी आम्ही दोघं बसून होतो. तिथून परतताना मी त्यांना पहिल्यांदा 'तुमी' म्हणालो. "येतो, तुमी पायाले जपा." त्यांनी ऐकलं, पण त्याचं त्यांना काही अप्रूप नव्हतं. उशिरा आलेल्या गोष्टीचं कोणाला असतं?

नाक परत आलं ते चैत्रात. एका सकाळी दुकानाचं कुलूप काढताना कडीच्या लोखंडाचा वास आला. मी कडी हातात धरून उभाच राहिलो. मग चिंचेचा आला, घोड्याच्या लिदीचा आला, आपल्याच शर्टाच्या घामाचा आला. मला रडू फुटलं. पंधरा दिवसांत सगळं जग परत माझ्या दारात येऊन उभं राहिलं.

जेठाभाईंना सांगितलं. त्यांनी पेढा दिला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता टेबलाजवळ एकच स्टूल होतं. दुसरं कोणी काढलं, कोणी सांगितलं, मी विचारलं नाही. पार्बताबाई आल्या, स्टुलाकडे बघितलं आणि मागच्या खोलीत चाळणीवर जाऊन बसल्या.

मी त्या स्टुलावर बसलो. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण मग बाकीचं कशाला लिहिलं? मी बसलो, आणि मला फार छान वाटलं. आसाम परत आला होता, निलगिरी परत आली होती. तीन दिवस मी चवीत बुडून गेलो. मागून चाळणीचा आवाज येई. चौथ्या दिवशी दार्जिलिंगचा एक नमुना लावला. पहिलाच घोट घेतला आणि थांबलो. चांगला होता, पण त्यात काहीतरी होतं, ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता. मी विचारायला वळलो. शेजारी कोणी नव्हतं.

मी उठलो. मागच्या खोलीतलं स्टूल उचलून आणलं, टेबलाला लावलं. जेठाभाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि परत कागदात डोळे घातले. मी दारात जाऊन म्हणालो, "पार्बताबाई, या."

त्या हात झटकत आल्या. स्टुलाजवळ उभ्या राहिल्या.

"चार दिवस लागले तुमाले," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

त्या बसल्या. मी माझ्यासमोरची वाडगी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी घोट ओढला, तोंडात फिरवला, थुंकला आणि माझ्याकडे बघितलं.

"पह्यले तुमी सांगा. काय लागते?"

मी सांगितलं. मोहाचं सांगितलं, पहाटेचं सांगितलं, मला जे जे येत होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाई," त्या म्हणाल्या आणि वाडगी माझ्याकडे परत ढकलली. "अजून एकडाव घ्या."